बेळगावात पोरांना एअर पिस्तूल शिकवायचं असेल तर हे वाचा (आठ महिन्यांचा अनुभव)

आधीच सांगते, रेटिंग पाचपैकी साडेचार. अर्धा स्टार का कापला ते खाली येईलच. जरा मोठं लिहितेय कारण गेल्या वर्षी मी रेंज शोधत होते तेव्हा असं लिहिलेलं कुठंच सापडलं नव्हतं, सगळीकडे नाईस प्लेस, गुड कोचिंग आणि ट्रॉफी धरलेल्या पोरांचे फोटो, आणि पोरीच्या हातात पिस्तूल द्यायच्या आधी आईला जे विचारायचं असतंय ते कुणीच लिहिलेलं नव्हतं.

माझी मुलगी नववीत आहे. २०२४ ला पॅरिसमध्ये मनू भाकरनं दोन ब्राँझ घेतली, आणि त्याच आठवड्यात राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतलं, म्हणजे आपल्याकडून सकाळच्या गाडीनं जाऊन संध्याकाळी परत यावं एवढ्या अंतरावरचा मुलगा, तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषयच नाही. तसं बंदूक आमच्या भागाला नवीन नाही, आमच्या गल्लीतच मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर झालेले तिघं आहेत. पण खेळ म्हणून हे काय असतंय, खर्च किती, धोका किती, काहीच माहीत नव्हतं.

पहिल्यांदा आम्ही दुसऱ्याच एका ठिकाणी जात होतो. नाव, गाव काही लिहीत नाही. तिथं कागदाची टार्गेटं हातानं बदलायची, म्हणजे पोरं चालत दहा मीटर पुढं जायची आणि कागद लावून परत यायची. एक दिवस मी मागं खुर्चीत बसले होते, माझी पोरगी टार्गेटपाशी पिन लावत उभी, आणि बाजूच्या लेनवर एक मोठा मुलगा निवांत छर्रा भरत होता. लिव्हर उघडा, छर्रा आत, लिव्हर बंद, आणि नळी सरळ पुढं, जिथं माझी पोरगी उभी आहे तिकडं. त्याच्या मनात काहीच नव्हतं, चेहऱ्यावरून दिसत होतं, तो आपल्या मागच्या शॉटचा विचार करत होता. मी उठून ओरडले. तिथल्या माणसाचं उत्तर, "एअर पिस्तूल हाय की वहिनी, छर्ऱ्यानं काय होतंय." मॅचच्या एअर पिस्तुलातून छर्रा सेकंदाला साधारण दीडशे मीटरच्या वेगानं निघतो, डोळ्यात गेला तर डोळा गेला. हा आकडा तेव्हा माहीत नव्हता मला, पण आईला आकडा लागत नाही. दुसऱ्या दिवसापासून बंद केलं. पोरगी आठ दिवस बोलली नाही माझ्याशी.

मग एका ओळखीच्या वहिनींनी ही टिळकवाडीच्या बाजूची रेंज सांगितली. दहा मीटरची, फक्त एअर पिस्तूल आणि एअर रायफल, लेन मोजक्याच, टार्गेट मोटारीच्या ट्रॉलीवर येतंय-जातंय त्यामुळे पुढं चालत जायचा प्रश्नच नाही. शिकवणारे सर रेजिमेंटमधून सुभेदार म्हणून रिटायर झालेले, सगळे त्यांना सुभेदार साहेबच म्हणतात, पोरं सर म्हणतात. पहिल्या दिवशी मी त्यांना जुन्या जागेची गोष्ट सांगितली तर ते एकच म्हणाले, "ताई, नेम धरताना सहसा कुणाला काही होत नाही. होतंय ते भरताना."

तेव्हा मला हे पूर्ण समजलं नव्हतं. आता समजतंय. नेम धरलेला असतो तेव्हा माणूस सगळा एका जागी असतो, डोळा, हात, श्वास, आणि नळी आपोआप टार्गेटकडे. शॉट सुटला की तो सैल पडतो. आठ आला की वाईट वाटतंय, दहा आला की आईकडं बघावंसं वाटतंय, आणि नेमकं त्याच वेळी हातात पिस्तूल असतं, लिव्हर उघडायची असते, डबीतून छर्रा शोधायचा असतो. दहा मीटर एअर पिस्तुलाच्या मॅचमध्ये ७५ मिनिटांत ६० शॉट, आणि त्याआधीच्या १५ मिनिटांत सायटिंगचे, म्हणजे नेम जुळवायचे, मार्कांत न धरलेले, पाहिजे तेवढे. प्रत्येक शॉटला एकेक छर्रा हातानं भरायचा. म्हणजे एका सकाळी साठ-सत्तर वेळा लोड, आणि तेवढ्या वेळा लक्ष दुसरीकडं असायची शक्यता. बाकीचे क्लास नेम शिकवतात, इथं आधी हे मधले पंधरा-वीस सेकंद शिकवतात. माझं साडेचार स्टार त्यालाच आहे.

पहिले दोन आठवडे पोरांना छर्रा दिलाच नाही. पालकांची कुरकुर झाली, फी भरलीय आणि पोरं नुसती लिव्हर उघड-बंद करतायत. मी पण त्यात होते, खरं सांगते. तर ते काय करून घेत होते ते लिहिते. शॉट झाला (म्हणजे झाला असं समजून) की हात लगेच खाली आणायचा नाही, दोन क्षण तसंच धरायचं, मग पहिलं काम बोट ट्रिगरवरून काढून गार्डच्या बाहेर सरळ ठेवायचं, मग हात खाली येणार आणि पिस्तूल टेबलवर टेकणार, नळी टार्गेटकडेच. लिव्हर दुसऱ्या हातानं उघडायची. इथं एक चूक सगळ्यांची होते आणि ती मला कुणी सांगितल्याशिवाय कधीच दिसली नसती. उजव्या हाताचा माणूस डाव्या हातानं लिव्हर ओढायला गेला की पिस्तूल पोटाजवळ घेतो, कोपर आत येतंय, मनगट वळतंय आणि नळी हळूच डावीकडं, शेजारच्या लेनकडं. त्याला वाटतं आपण पुढंच धरलंय. लिव्हर कडक असली की लहान पोरांचं हमखास असं होतं. म्हणून पिस्तूल टेबलवर टेकवूनच लोड करायचं, पोटाशी आणायचं नाही, आणि लिव्हर जड जात असेल तर थांबायचं, जोर लावायचा नाही, सर येतात. त्यांनी प्रत्येक टेबलवर दोन बाजूंना पिवळ्या टेपच्या पट्ट्या मारल्यात, नळी त्या दोन पट्ट्यांच्या मध्येच पाहिजे. साधी पाच रुपयांची गोष्ट, पण पोराला स्वतःलाच दिसतंय की आपली नळी कुठं गेली.

मग छर्रा. एकच. डबी सगळी उघडून समोर ठेवायची नाही, छोट्या ट्रेमध्ये मोजून दहा काढायचे, दहा शॉट झाले की ट्रे रिकामा दिसला पाहिजे. ह्याचा फायदा असा की भरलंय की नाही भरलंय हा गोंधळ झाला की ट्रेकडे बघून कळतं. आणि एकदा लोड झालेलं पिस्तूल हातातून सोडायचं नाही. पाणी प्यायचंय, घाम पुसायचाय, खोकला आलाय, काही असो, आधी हात वर, सरांना सांगून टार्गेटच्या मागच्या ट्रॅपमध्ये (छर्रे अडवायची पेटी) मारून मोकळं करायचं, लिव्हर उघडी, सेफ्टी फ्लॅग आत, मग पाणी. फ्लॅग म्हणजे ती भडक केशरी दोरी, एअर पिस्तुलात ती अख्ख्या नळीतून जाऊन बाहेर दिसली पाहिजे असा आयएसएसएफचाच, म्हणजे नेमबाजीच्या जागतिक संघटनेचाच नियम आहे. लांबूनच कळतं की आत काही नाही. मी आता कुठल्याही फोटोत पिस्तूल बघितलं की आधी दोरी शोधते.

तीन महिन्यांनी मीही शिकायला लागले. मोठ्या बायकांची बॅच सकाळी असते, चौघी आहोत. आणि जे मी पोरीला सांगत होते तेच माझ्याकडून झालं. छर्रा वाकडा बसला, लिव्हर बंद होईना, मी पिस्तूल हातात तसंच घेऊन "सर हे बघा ना" म्हणत मागं वळायला लागले. खांदा वळला असेल नसेल तेवढ्यात त्यांचा आवाज आला, "नळी!" एवढाच शब्द. मी जागच्या जागी थांबले. त्यांनी येऊन माझ्या हातातून पिस्तूल घेतलं नाही, माझ्याकडूनच टेबलवर ठेवून घेतलं, लिव्हर उघडून घेतली, आणि मग म्हणाले, ताई काही अडलं की मान वळवा, हात वळवायचा नाही, मोकळा हात वर करा, मी येतो, तुम्ही माझ्याकडं यायचं नाही. मॅचमध्ये पण हेच आहे, पिस्तूल बिघडलं, छर्रा अडकला, काही झालं तरी नळी पुढं आणि रिकामा हात वर. टोकियोला मनू भाकरच्या पिस्तुलात मॅचच्या मध्येच बिघाड झाला होता, लाइन सोडून मागं दुरुस्तीला जावं लागलं, मिनिटं गेली, ५७५ वर थांबली आणि फायनल हुकली. सर हे उदाहरण सगळ्या पोरांना सांगतात, की घड्याळ पळत असताना, देशाची मॅच असताना सुद्धा हात वर करून रेंज ऑफिसर (लेनवर लक्ष ठेवणारा अधिकारी) यायची वाट बघायची असते, मग रविवारच्या प्रॅक्टिसला तुझी कसली घाई.

त्या दिवशी मला दहा मिनिटं बाकावर बसवलं. वाईट वाटलं. पण मुलगी संध्याकाळी म्हणाली आई माझं पण झालं होतं पहिल्या महिन्यात, सांगितलं नव्हतं तुला, आणि आम्ही दोघी खूप वेळ त्यावर बोललो. पिस्तुलामुळं पोरगी माझ्याशी असं काही बोलेल असं वाटलं नव्हतं.

दुसरी एक गोष्ट. चुकून दोन छर्रे भरले जातात. एक भरला, कुणीतरी हाक मारली, विसरून परत लिव्हर उघडली आणि दुसरा ढकलला. पोरांना भीती असते की सांगितलं तर मार्क जातील, शिव्या बसतील, म्हणून गप्प मारून टाकतात. पण नियम असा आहे की तुमच्या लक्षात आलं आणि तुम्ही हात वर केलात तर रेंज ऑफिसर समोर उभा राहून पिस्तूल रिकामं करून घेतो आणि एक पॉइंटसुद्धा कापत नाहीत, मॅच पुढं चालू. हे मला फार आवडलं. इथं सर ते तसंच पाळतात, दोन छर्रे भरले म्हणून सांगणाऱ्या पोराला ते कधीच रागावत नाहीत, उलट सगळ्यांसमोर शाब्बास म्हणतात. लपवलेलं सापडलं तर मात्र त्या दिवसाचं शूटिंग संपलं.

भाषेचं पण लिहिते कारण आपल्याकडे तो प्रश्न कायम येतो. खानापूरची, येळ्ळूरची, चंदगडहून येणारी मराठी पोरं आहेत, चिकोडी-गोकाक बाजूची कन्नड बोलणारी पण आहेत. कमांड सगळ्यांना सारख्याच इंग्रजी, लोड, स्टार्ट, स्टॉप, अनलोड, जशा मॅचमध्ये असतात तशाच. बाकी समजावणं ज्याच्या त्याच्या भाषेत. एका पोराला "बोट भायेर" आणि लगेच पलीकडच्याला "बेरळु होरगे". स्टॉप म्हटलं की मात्र कुणाला भाषांतर लागत नाही, सगळे गार. लोड म्हणायच्या आधी छर्रा आत गेलेला चालत नाही आणि स्टॉपनंतर एकही शॉट नाही, मग भले तुमचा नेम कितीही चांगला लागलेला असू दे.

पंचवीस मीटर इथं नाही. त्याला .२२ चं, खऱ्या गोळीचं पिस्तूल लागतं, त्याचं लायसन वगैरे सगळं वेगळं. एअर पिस्तुलाची नळी .१७७ इंचापर्यंत आणि छर्ऱ्याचा जोर २० ज्यूलच्या आत असेल तर लायसन लागत नाही, म्हणून सुरुवात सगळ्यांची इथूनच. पण माझ्या पोरीला कोल्हापूरच्या राही सरनोबतसारखं २५ मीटर खेळायचंय, २०१८ च्या एशियन गेम्सचं पालेमबांगचं गोल्ड तिला तोंडपाठ आहे, म्हणून सरांनी मोठ्या पोरांना बोर्डवर चित्र काढून तिथलं रीलोड पण समजावलं. तिथं मॅगझिन, पाच गोळ्या, आणि पाच शॉटच्या सिरीज. पुरुषांच्या रॅपिड फायरमध्ये तर पाच शॉट आठ सेकंदात, मग सहा, मग चार. त्यांनी जोर दिला तो एकाच गोष्टीवर, की मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं नाही, एक गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडात, बसलेली असू शकते. म्हणून आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागं ओढून अडकवायची, चेंबर डोळ्यानं बघायचं, फ्लॅग, आणि ऑफिसरनं बघितल्याशिवाय जागा सोडायची नाही. उलटं केलं, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढलं, तर स्लाइडनं मॅगझिनमधली नवीन गोळी आत नेऊन ठेवलेली असते आणि तुम्हाला वाटतं रिकामं केलं. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. फौजेत पण हीच चूक होते म्हणाले.

माझ्या भाच्यानं एकदा मोबाईलवर ते धावत-धावत मारतात त्या आयपीएससी मॅचचे व्हिडिओ आणले, एक सेकंदात मॅगझिन खाली पडतंय आणि दुसरं आत. पोरांना तेच भारी वाटतं. सरांनी बंद करा म्हटलं नाही, तोच व्हिडिओ हळू करून दाखवला आणि विचारलं, मॅगझिन बदलताना ह्याचं बोट कुठाय बघा. गार्डच्या बाहेर, सरळ. पळतोय पण नळी पुढच्या बांधाकडंच. तिथं रीलोड करताना बोट आत राहिलं की थेट मॅचमधून बाहेर, नळी ९० अंशांच्या पलीकडं बाजूला गेली की बाहेर, पिस्तूल हातातून पडलं तरी बाहेर, आणि पडलेलं स्वतः उचलायचं पण नाही, रेंज ऑफिसरच उचलतो. म्हणजे सगळ्यात वेगवान लोकांचे नियम सगळ्यात कडक. भाचा त्यानंतर रील बघताना बोटच बघत बसतो.

जुलैमधला एक दिवस सांगते. बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, दुपारी चारलाच अंधारून आलं होतं आणि मध्येच लाईट गेली. आतमध्ये एकदम काळोख, सगळ्या लेनवर पोरं, कुणाचं लोड झालेलं, कुणाचं अर्धं. मी मागं बाकावर, माझी पोरगी तिसऱ्या लेनवर. सरांचा आवाज आला, स्टॉप. मग शांत आवाजात, बोट बाहेर, नळी टेबलवर पुढं, कुणी हलायचं नाही. टॉर्च घेऊन एकेका लेनवर गेले, ज्याचं भरलेलं होतं त्याचं मोकळं करून घेतलं, लिव्हर, फ्लॅग, पुढची लेन. पाच-सहा मिनिटं लागली असतील. त्या पाच-सहा मिनिटांत एकही पोर बोललं नाही, अकरा वर्षांचं सुद्धा. इन्व्हर्टर आहे पण तो फक्त मागच्या भागाला आहे, लेनवरच्या लाईटला नाही, आणि हे बरोबर नाही, मी त्यांना त्याच दिवशी बोलले. खर्चाचं कारण सांगितलं. अर्ध्या स्टारमधला पहिला पाव इथं गेला.

दुसरा पाव बाकीच्या गोष्टींचा. डावखुऱ्यांसाठी ग्रिप (पिस्तुलाची मूठ) एकच आहे, दोन डावखुरी पोरं एका बॅचला आली की एकाला वाट बघत बसावं लागतं, आणि उजवी ग्रिप डाव्या हातात धरून कुणी करू बघितलं तर सर करू देत नाहीत, ते बरोबरच, पण मग ग्रिप आणायला पाहिजे. छर्रे शिशाचे असतात, हात धुतल्याशिवाय खाण्याचा डबा उघडायचा नाही असा बोर्ड आहे, पण बेसिनला साबण संध्याकाळपर्यंत संपलेला असतो. पालकांचा बाक लेनच्या फारच जवळ, मागं मोबाईलवर बोलणारे बाबालोक असतात, आणि लोड करणाऱ्या पोराचं लक्ष मागं जाणं हाच तर सगळ्यात मोठा धोका, तिथं काच किंवा पार्टिशन लगेच बसवायला हवं. आणि एक, सर लहान पोरांवर सगळ्यांसमोर आवाज चढवतात. नळी वळली तर चढवावाच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण शूज विसरला म्हणून तोच आवाज लावला की पोराला दोन्ही चुका सारख्याच वाटतात. हे मी त्यांना सांगितलंय. ऐकून घेतलं, हो म्हणाले, थोडा फरक पडलाय.

घरी प्रॅक्टिस करणाऱ्यांसाठी, ज्यांनी स्वतःचं पिस्तूल घेतलंय त्यांना सर घरचे नियम पण लिहून देतात. नुसता हात धरायचा सराव चालतो, पण छर्ऱ्यांची डबी दुसऱ्या खोलीत कुलपात, भिंतीच्या पलीकडं कुणी नसलेली बाजू निवडायची, आणि घरात पाहुणे आले की पिस्तूल केसमध्ये. पिस्तुलाच्या हवेच्या सिलिंडरवरची तारीख वर्षातून एकदा बघा म्हणतात, त्याला दहा वर्षांची मुदत असते. आमच्याकडं अजून क्लबचंच पिस्तूल आहे, स्वतःचं घ्यायची ऐपत आणि घाई दोन्ही नाही.

फी आपल्याकडच्या मानानं ठीक आहे, छर्रे आणि टार्गेट वेगळे पैसे. आठवड्यातून तीन दिवस पुरतात. पोराला बंद शूज द्या, चप्पल चालत नाही. शनिवारी संध्याकाळी फी न भरता मागं बसून बघता येतं, जाऊन बसा तासभर, आणि टार्गेटकडं बघण्यापेक्षा पोरं लिव्हर उघडताना नळी कुठं आहे ते बघा.

अपडेट: वरचं लिहून ठेवलं होतं आणि काल परत गेले, तर बेसिनजवळ साबणाची मोठी बाटली भिंतीला लावलेली दिसली. तेवढी तक्रार मागं घेते. ग्रिप आणि पार्टिशन अजून नाही, त्यामुळे रेटिंग साडेचारच ठेवतेय.